‘रिव्हिजनिस्ट’ : फेरफार आणि खाडाखोड

इतिहासाचा फेरविचार मांडणाऱ्याला ‘रिव्हिजनिस्ट’ म्हटले जाते, तेव्हा तो गौरव असतो की आरोप? जालना जिल्ह्यातील एक रणभूमी, एक जन्मगाव आणि सप्टेंबर १९४८ मधील एक आठवडा यांच्या आधारे या शब्दाचा मागोवा.

महाराष्ट्रातील कोणत्याही खातेदाराला ‘फेरफार’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. जमीन विकली गेली, वारसाहक्काने आली किंवा भावाभावांत वाटणी झाली, की तलाठ्याच्या दफ्तरात गाव नमुना सहामध्ये तशी नोंद होते. ज्यांचा त्या जमिनीशी संबंध आहे त्यांना नोटीस जाते. हरकत घेण्यासाठी पंधरा दिवसांची मुदत असते. हरकत आली तर तिची सुनावणी होते आणि मगच मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतो. सातबाऱ्यावरचे जुने नाव तेव्हा खोडून टाकले जात नाही. त्याला कंस होतो आणि फेरफाराचा क्रमांक पडतो. ते नाव का गेले, कोणत्या कागदाच्या आधारे गेले, हे पुढे कोणालाही शोधता येते.

मात्र याच शब्दाचा व्यवहारातील दुसरा अर्थ अगदी उलट आहे. ‘कागदपत्रांत फेरफार केला’ असे म्हटले, की ऐकणारा लबाडी झाली असेच समजतो. एकच शब्द कायद्यात रीतसर दुरुस्तीसाठी आणि बोलण्यात खोटेपणासाठी वापरला जातो.

इंग्रजीतून आलेल्या ‘रिव्हिजनिस्ट’ या शब्दाची अवस्था नेमकी अशीच आहे. रूढ समजुतीला नव्या पुराव्याच्या आधारे आव्हान देणारा अभ्यासक रिव्हिजनिस्ट, आणि घडलेले घडलेच नाही असे सांगणारा प्रचारकही रिव्हिजनिस्टच! विद्यापीठातील चर्चासत्रात हा शब्द सहजपणे उच्चारला जातो, तर राजकीय व्यासपीठावर तो दगडासारखा भिरकावला जातो. वाचकाने कोणता अर्थ घ्यावा, हे शब्द सांगत नाही. ते तपासून पाहावे लागते.

मराठीची अडचण

या शब्दाला मराठीत सर्वमान्य पर्याय नाही. शाळेतील ‘रिव्हिजन’ म्हणजे उजळणी, म्हणजे जे ठरलेले आहे तेच पुन्हा घोकणे. न्यायालयातील ‘रिव्हिजन’ म्हणजे पुनरीक्षण, म्हणजे खालच्या न्यायालयाचा निर्णय वरच्या न्यायालयाने तपासणे. एक ठरलेले पक्के करते, दुसरे ठरलेल्यावर प्रश्नचिन्ह लावते. ‘रिव्हिजनिस्ट’ या शब्दातील भाव दुसऱ्या अर्थाच्या जवळचा आहे.

हिंदीत त्यासाठी ‘संशोधनवादी’ हा शब्द रूढ आहे, कारण हिंदीत ‘संशोधन’ म्हणजे दुरुस्ती. घटनादुरुस्तीला हिंदीत ‘संविधान संशोधन’ म्हणतात. मराठीत मात्र संशोधन म्हणजे शोध घेणे, साधने धुंडाळणे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आणि खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी १९१० मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या संस्थेचे नाव ‘भारत इतिहास संशोधक मंडळ’ असे आहे. मराठी माणसाच्या मनात ‘इतिहास संशोधक’ ही पदवी आदराची आहे. हिंदीतील शब्द जसाच्या तसा उचलला, तर हिंदीत जी शिवी ठरते ती मराठीत स्तुती ठरावी, असा हा घोळ आहे. डाव्या चळवळीतील मराठी लेखनाने म्हणूनच ‘दुरुस्तीवादी’ हा शब्द वापरला. इतिहासलेखनाच्या संदर्भात ‘पुनर्विचारवादी’ किंवा ‘पुनर्मांडणी करणारा’ असेही म्हटले जाते. पण यांपैकी एकाही शब्दात मूळ शब्दातील धार आणि त्यातील संशय दोन्ही एकत्र उतरत नाहीत.

शब्दाचा प्रवास

या शब्दाने आपला रंग अनेकदा बदलला आहे. फ्रान्समध्ये १८९४ साली आल्फ्रेड ड्रेफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्याला हेरगिरीच्या खोट्या आरोपाखाली शिक्षा झाली. त्या निकालाची फेरतपासणी व्हावी अशी मागणी करणारे लोक ‘रिव्हिजनिस्ट’ म्हणून ओळखले गेले. जानेवारी १८९८ मध्ये एमिल झोला यांनी राष्ट्राध्यक्षांना उद्देशून लिहिलेले खुले पत्र याच लढ्याचा भाग होते. ड्रेफस १९०६ मध्ये निर्दोष ठरला. त्या पर्वात रिव्हिजनिस्ट असणे म्हणजे न्यायाच्या बाजूने उभे राहणे होते.

पण त्याच दशकात, १८९९ साली, जर्मन समाजवादी नेते एडुआर्ड बर्नस्टाइन यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. भांडवलशाहीच्या अटळ कोसळण्याविषयीचे मार्क्सचे भाकीत प्रत्यक्ष परिस्थितीशी ताडून पाहिले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. पक्षातील निष्ठावंतांनी त्यांना रिव्हिजनिस्ट ठरवले. पुढे लेनिननेही या प्रवृत्तीवर कोरडे ओढले. साठच्या दशकाच्या प्रारंभी चीनच्या कम्युनिस्ट पक्षाने क्रुश्चेव्ह यांच्या रशियावर हाच शिक्का मारला. १९६४ मध्ये भारतीय कम्युनिस्ट पक्ष फुटला, तेव्हा बाहेर पडलेल्यांच्या तोंडी मूळ पक्षासाठी हाच शब्द होता, आणि त्या टीकेचे प्रमुख लक्ष्य होते मुंबईच्या गिरणी कामगारांचे नेते श्रीपाद अमृत डांगे. मराठी वाचकाला हा शब्द प्रामुख्याने भेटला तो असा, पोथीशी बेइमानी केल्याचा आरोप म्हणून.

आंतरराष्ट्रीय राजकारणात त्याचा आणखी एक अर्थ आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या तहांनी आखलेल्या सीमा बदलून मागणारी राष्ट्रे रिव्हिजनिस्ट म्हणवली गेली. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा धोरणाने चीन व रशियाला हेच विशेषण लावले. या सर्व वापरांत एक गोष्ट समान आहे. ठरून गेलेले काहीतरी पुन्हा उघडले जाते आहे, अशी तक्रार या शब्दात असते. तक्रार करणारा बहुधा त्या ठरलेल्या गोष्टीचा लाभधारक असतो, ही बाबही नजरेआड करता येत नाही.

असईचे मैदान

इतिहासलेखनातील खरा फेरविचार कसा असतो, हे पाहण्यासाठी युरोपात जाण्याचे कारण नाही. जालना जिल्ह्यात, भोकरदन-जाफराबादच्या परिसरात, केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात असई नावाचे एक लहान गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी येथे दौलतराव शिंदे व नागपूरचे दुसरे रघूजी भोसले यांच्या फौजा आणि ईस्ट इंडिया कंपनीचे सैन्य यांची गाठ पडली. कंपनीच्या सैन्याचा सेनापती होता मेजर जनरल आर्थर वेलस्ली, पुढे वॉटर्लूच्या लढाईत नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. उतारवयातही आपली सर्वोत्तम लढाई म्हणून त्याने असईचेच नाव घेतले, हे प्रसिद्ध आहे.

या लढाईची रूढ कथा सरळ आहे. वेलस्लीजवळ प्रत्यक्ष रणांगणावर सुमारे साडेचार हजारांची कवायती फौज आणि तिच्या जोडीला म्हैसूर व पेशव्यांचे स्वार. समोर मराठ्यांचे कित्येक हजार घोडदळ, अँथनी पोलमन या हॅनोव्हरच्या अधिकाऱ्याच्या हाताखालील दहा हजारांवर कवायती पायदळ आणि शंभराच्या आसपास तोफा. तरीही वेलस्ली जिंकला. कारण काय, तर युरोपीय शिस्त, युरोपीय शस्त्रविद्या आणि सेनापतीचे धैर्य. व्हिक्टोरियन काळातील पुस्तकांनी हीच कथा घोटून घोटून सांगितली. तिची दुसरी आवृत्ती आपल्याकडेही लोकप्रिय झाली. मराठ्यांनी आपला गनिमी कावा सोडला, परक्यांच्या कवायती फौजेची अर्धवट नक्कल केली आणि म्हणून ते हरले, अशी ती आवृत्ती. कंपनीच्या काही अधिकाऱ्यांनीच मांडलेले हे मत पुढे भारतीय अभ्यासकांनीही उचलून धरले. दोन्ही आवृत्त्यांचा गाभा एकच आहे. आधुनिक युद्ध मराठ्यांना जमले नाही.

या गाभ्यालाच पुढे अभ्यासकांनी हात घातला. जॉन पेंबल यांनी १९७६ साली एका शोधनिबंधात मराठ्यांची साधनसामग्री व युद्धतंत्र यांविषयीच्या प्रचलित समजुती तपासल्या. लढाईला दोनशे वर्षे पूर्ण झाली त्या वर्षी, २००३ मध्ये, रँडॉल्फ कूपर यांचा या युद्धावरील ग्रंथ केंब्रिज विद्यापीठाने प्रसिद्ध केला. या ग्रंथाला कोणी रिव्हिजनिस्ट म्हटले तर ते योग्यच ठरेल. म्हणूनच त्यात नेमके काय बदलले आणि काय बदलले नाही, हे पाहणे उद्बोधक आहे.

बदलले नाही ते असे. तारीख तीच. जय-पराजय तोच. मराठ्यांच्या तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या हेही तसेच. शिंदे आणि भोसले यांच्या घोडदळाने लढाईत फारसा भाग घेतला नाही, ही नामुष्कीही पुसली गेली नाही. बदलले ते ‘का’ या प्रश्नाचे उत्तर. कूपर यांच्या मते मराठ्यांचा तोफखाना मागासलेला नव्हता. तो कंपनीच्या तोफखान्याच्या तोडीचा होता. याचा पुरावा इंग्रजांच्याच कागदांत सापडतो. वेलस्लीच्या पत्रांत मराठ्यांच्या तोफांच्या भडिमाराची धास्ती स्पष्ट दिसते. त्याच्या सैन्याचे दीड हजारांहून अधिक लोक ठार वा जखमी झाले. उजव्या बगलेला असई गावाकडे भरकटलेल्या ७४ व्या हायलँडर पलटणीतील सुमारे पाचशेंपैकी चारशेच्या आसपास माणसे कामी आली किंवा जायबंदी झाली. वेलस्ली नदी उतरून बगलेवर येतो आहे हे दिसताच पोलमनने आपली सगळी फळी तोफांसह नव्या दिशेला वळवली, आणि ती शिस्तीत वळली. अर्धवट नक्कल केलेल्या फौजेला हे साधत नाही.

मग पराभव का झाला? कूपर यांचा भर रणांगणापेक्षा त्याच्या मागे चाललेल्या व्यवहारावर आहे. हिंदुस्थानात त्या काळी सैनिकी नोकरीची मोठी बाजारपेठ होती. शिपाई, गोलंदाज, अधिकारी, बैल आणि धान्याचे तांडे हे सारे पैशांवर आणि पतीवर मिळत. ऑगस्ट १८०३ मध्ये कंपनीने जाहीरनामा काढून शिंद्यांच्या चाकरीतील ब्रिटिश अधिकाऱ्यांना नोकरी सोडण्याचे आवाहन केले आणि त्यांच्या पोटापाण्याची हमी दिली. लढाईच्या तोंडावर अनेक अधिकारी निघून गेले. दुसरीकडे वेलस्लीच्या सैन्याला धान्य पुरवण्याचे काम लमाणांचे तांडे करत होते, आणि हे तांडे आपल्याकडे टिकवण्याची चिंता त्याच्या पत्रव्यवहारात जागोजाग दिसते. कंपनीची पत मोठी होती, शिंद्यांचे पगार थकलेले होते. लढाई सुरू होण्यापूर्वीच तिचा बराचसा निकाल सावकारी वह्यांत लागलेला होता, असे या मांडणीचे सार सांगता येईल.

हे सगळे निष्कर्ष अंतिम आहेत असे नाही, त्यावर अभ्यासकांत वाद आहेत. पण ही फेरफार नोंद आहे, खाडाखोड नव्हे, हे कळण्यास अडचण पडत नाही. जुनी मांडणी तिच्या पुराव्यांसह समोर ठेवली गेली, नवे कागद दाखवले गेले आणि हरकत घेण्यास जागा ठेवली गेली. मराठी वाचकाला ही नवी मांडणी सुखावणारी आहे, यात शंका नाही. मात्र ती सुखावते म्हणून खरी ठरत नाही. ती खरी ठरली तर कागदांमुळे ठरेल.

जांबचे समर्थ

जी मांडणी सुखावत नाही, तिच्याबाबत आपण काय करतो? हा प्रश्न जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, घनसावंगी तालुक्यातील जांब या गावी नेतो. समर्थ रामदासांचा जन्म येथे १६०८ साली झाला. छत्रपती शिवाजी महाराज आणि रामदास यांची भेट १६४९ मध्ये झाली आणि महाराजांनी त्यांचा अनुग्रह घेतला, असे पिढ्यान् पिढ्या सांगितले गेले. हनुमंतस्वामींची बखर हा त्याचा एक प्रमुख आधार. ती बखर प्रत्यक्ष घटनांनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिली गेली.

विसाव्या शतकाच्या आरंभी मठांतील दफ्तरे उघडली गेली, तेव्हा रामदासी संप्रदायातीलच पत्रे बाहेर आली. दिवाकर गोसावी यांना लिहिलेल्या १६७२ मधील एका पत्रावरून महाराजांची समर्थांशी ती पहिलीच भेट असावी, असे अनुमान निघत होते. गो. का. चांदोरकर आदी अभ्यासकांनी त्या आधारे परंपरागत कथेवर प्रश्नचिन्ह लावले. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी परंपरेच्या बाजूने तितक्याच निष्ठेने कागद गोळा केले. १६७८ ची चाफळची सनद कितपत अस्सल, यावर काथ्याकूट झाला. देवांनी जमवलेल्या हस्तलिखितांचा उपयोग त्यांच्या मताशी असहमत असणाऱ्यांनाही आजवर होतो आहे.

हा वाद पुढे जातीय अस्मितेच्या अंगाने पेटला आणि आता तो निवडणुकीच्या भाषणांतही डोकावतो. दोन्ही बाजू एकमेकींवर इतिहास बदलल्याचा आरोप करतात. पण वादाच्या मुळाशी असलेला कागद शांतपणे वाचला, तर लक्षात येते की संप्रदायाच्या कथेला धक्का देणारे पत्र संप्रदायाच्याच पेटीतून निघाले होते. ते जपून ठेवणाऱ्यांनी ते नष्ट केले नाही. मतभेद असूनही कागद राखून ठेवणे, ही इतिहासाच्या व्यवहारातील पहिली सचोटी होय.

मराठी इतिहासलेखनाचा जन्मच मुळी अशा फेरविचारातून झाला. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला, आणि १८६८ मध्ये नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी त्यातील उणिवा दाखवणारा निबंध लिहिला. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला, तो बखरींवर विसंबू नये, अस्सल पत्रे पाहावीत या आग्रहातून. बखरकारांनी रंगवलेली संभाजी महाराजांची बेजबाबदार राजपुत्राची प्रतिमा वा. सी. बेंद्रे यांच्या १९६० मधील चरित्राने आणि नंतर कमल गोखले यांच्या ग्रंथाने मुळापासून बदलली. शिवजयंतीची तारीखही फेरविचाराचेच फळ आहे. एकेकाळी १६२७ हे जन्मवर्ष सर्वमान्य होते. लोकमान्य टिळकांनी उजेडात आणलेली जेधे शकावली, परमानंदाचे शिवभारत आणि राजस्थानात सापडलेली कुंडली यांच्या मेळातून शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही तिथी पुढे आली, आणि राज्य शासनाने ती २००१ मध्ये अधिकृतपणे स्वीकारली. आज १९ फेब्रुवारीला मिरवणुकीत चालणारा प्रत्येक जण त्या अर्थाने एका यशस्वी रिव्हिजनचा वारसदार आहे.

‘पोलीस ॲक्शन’ आणि ‘मुक्तिसंग्राम’

असईच्या पराभवाचा जालन्यावर थेट परिणाम झाला. डिसेंबर १८०३ मधील सुर्जी अंजनगावच्या तहाने अजिंठ्याच्या डोंगरांच्या दक्षिणेकडील मुलूख, जालन्यासह, शिंद्यांकडून गेला आणि कंपनीचा मित्र असलेल्या निजामाच्या पदरात पडला. ही अवस्था सप्टेंबर १९४८ पर्यंत टिकली. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली.

या घटनेचे नावही काळाच्या ओघात बदलले आहे. दिल्लीच्या परिभाषेत ती ‘पोलीस ॲक्शन’ होती. हा घरगुती बंदोबस्ताचा प्रश्न आहे, दोन राष्ट्रांमधील युद्ध नव्हे, असे जगाला सांगण्याची ती सोय होती. ज्यांनी स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली तुरुंगवास भोगला, ज्यांची गावे रझाकारांनी जाळली, त्यांना या नावात आपला लढा कोठेच दिसत नव्हता. ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम’ हे नाव त्या अर्थाने एक रास्त दुरुस्ती आहे. पोलिसी कारवाईच्या नोंदीत लोकांचे नाव लागले.

पण ही नोंद तेथेच थांबत नाही. कारवाईच्या काळात आणि नंतर संस्थानातील मुसलमान वस्त्यांवर झालेल्या हिंसाचाराची चौकशी करण्यासाठी केंद्र सरकारनेच पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. तिने त्याच वर्षाच्या अखेरीस संस्थानभर दौरा केला. किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज होता. हा अहवाल कित्येक दशके जनतेसमोर आला नाही. या आकड्याची चिकित्सा व्हायला हवी, तशी ती होतही आहे. मात्र अहवालाचे नाव काढणारा लगेच रिव्हिजनिस्ट, रझाकारांचा पाठीराखा ठरवला जातो, आणि उलट बाजूने रझाकारांच्या अत्याचारांची आठवण काढणारा जातीयवादी ठरवला जातो. एका गावातील एका दुःखाची नोंद दुसऱ्या गावातील दुसऱ्या दुःखाची नोंद रद्द करीत नाही. दोन्ही नोंदी एकाच दफ्तरात राहू शकतात, किंबहुना राहिल्याच पाहिजेत.

नकार म्हणजे फेरविचार नव्हे

‘रिव्हिजनिस्ट’ या शब्दाची सर्वाधिक नाचक्की केली ती हिटलरने घडवलेला ज्यूंचा संहार नाकारणाऱ्यांनी. पहिल्या महायुद्धाचा सारा दोष एकट्या जर्मनीचा नव्हता, असे १९२० च्या दशकात काही अमेरिकी इतिहासकारांनी दस्तऐवजांच्या आधारे मांडले आणि ते रिव्हिजनिस्ट म्हणवले गेले. ती प्रतिष्ठा उसनी घेऊन सत्तरच्या दशकापासून संहार नाकारणारेही स्वतःला रिव्हिजनिस्ट म्हणवू लागले. डेव्हिड आयर्विंग या ब्रिटिश लेखकाने आपल्याला संहार नाकारणारा म्हटल्याबद्दल अमेरिकी अभ्यासक डेबोरा लिपस्टाट यांच्यावर लंडनमध्ये बदनामीचा दावा लावला. एप्रिल २००० मध्ये तो फेटाळला गेला. न्यायालयात इतिहासकारांनी आयर्विंगच्या पुस्तकांतील तळटिपा मूळ कागदांशी एकेक करून ताडून दाखवल्या. त्याच्या चुका सगळ्या एकाच बाजूला झुकत होत्या, हिटलरच्या सोयीच्या बाजूला.

ही कसोटी कोठेही लावता येण्याजोगी आहे. माणूस चुकतो, पण प्रामाणिक माणसाच्या चुका दोन्ही बाजूंना पडतात. वजन दर वेळी दुकानदाराच्याच फायद्याचे भरत असेल, तर गिऱ्हाइकाने तराजू उलटा करून पाहावा. नवा दावा करणाऱ्याने कोणता नवा कागद पुढे आणला, की जुनाच कागद नव्या नजरेने वाचला? आपल्या मताविरुद्ध जाणारा पुरावा त्याने दाखवला, की दडवला? जुनी मांडणी त्याने वाचकाला नीट समजावून दिली, की तिचे बुजगावणे उभे केले? आणि हरकत आली तेव्हा त्याने उत्तर दिले, की हरकत घेणाऱ्याची जात काढली? या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली, की शिक्क्याची गरज उरत नाही.

हरकत कशी घ्यावी

हरकत घेणाऱ्यांनाही काही पथ्ये असतात. जेम्स लेन यांचे शिवाजी महाराजांवरील पुस्तक २००३ मध्ये आले. त्यातील एका मजकुराला कोणताही ऐतिहासिक आधार नव्हता. महाराष्ट्रातील मान्यवर इतिहास अभ्यासकांनी प्रकाशकाला पत्र लिहून आक्षेप नोंदवला आणि प्रकाशकाने ते पुस्तक भारतातून मागे घेतले. ही रीतसर हरकत होती आणि ती मान्यही झाली होती. असे असताना ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यातील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला झाला. पुस्तके आणि हस्तलिखिते फेकली, फाडली गेली. निराधार विधान खोडून काढण्यासाठी लागणारी साधने अशाच दफ्तरांत असतात, याचा विसर पडला. हरकत घ्यायला गेलेल्यांनी नोंदवहीच फाडली, अशी ती गत झाली.

जुने कागद ही केवळ विद्वानांच्या कामाची वस्तू नाही, हे जालना जिल्ह्याइतके अलीकडे कोणी अनुभवलेले नसेल. २०२३ मध्ये अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथील उपोषणानंतर मराठवाड्यातील निजामकालीन दफ्तरे कुणबी नोंदींच्या शोधासाठी पुन्हा उघडली गेली. उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक महत्त्व आले. त्या मागणीच्या बाजूने असणारे आणि विरोधात असणारे दोघेही आज एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतात, की कागद काय म्हणतो आणि तो अस्सल आहे काय. शंभर वर्षांपूर्वी कोण्या कारकुनाने लिहिलेल्या एका शब्दावर कोणाच्या तरी मुलाचा प्रवेश अवलंबून असतो. इतिहासाचा फेरविचार इतका जवळ आला आहे.

म्हणूनच ‘रिव्हिजनिस्ट’ हा शब्द ऐकताच टाळी वाजवणे किंवा दगड उचलणे, दोन्ही घाईचे ठरते. तलाठ्याच्या दफ्तरात कोणी नवी नोंद घातली, तर गावकरी आधी विचारतात, कशाच्या आधारे? नोटीस निघाली होती का? जुने नाव कंसात तरी दिसते का? शेतीच्या बांधाबाबत जो माणूस इतका दक्ष असतो, त्याने पूर्वजांच्या इतिहासाबाबतही तेवढेच विचारावे. इतिहासात फेरफार होतच राहणार. तो प्रमाणित करण्यापूर्वी मूळ कागद पाहण्याचा हक्क मात्र वाचकाने सोडता कामा नये.